स्पिरिच्युअल आणि गॉस्पेल: एकाच समाजाची दोन स्तुतिगीते

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळींची उपासना पडद्यावर पाहिली, झगे घातलेला गायकवृंद डोलताना आणि समोरची सारी मंडळी टाळ्या वाजवत उभी राहिलेली दिसली, की आपण त्या गायनाला सरसकट ‘गॉस्पेल’ म्हणून मोकळे होतो. एखाद्या गायकवृंदाने गुलामगिरीच्या काळातील गीत वाद्यांवाचून, संथ लयीत गायले, तरी पुष्कळदा त्यालाही तेच नाव दिले जाते. वस्तुतः स्पिरिच्युअल आणि गॉस्पेल हे दोन स्वतंत्र गीतप्रकार आहेत. पहिला दक्षिणेकडील संस्थानांत गुलामगिरीखाली जन्मला आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा त्याची घडण बहुतांशी पूर्ण झालेली होती. दुसरा विसाव्या शतकात, मुख्यतः १९३० च्या आसपास, शिकागोसारख्या औद्योगिक शहरांत आकाराला आला. दोन्हींत देवाची स्तुती आहे, दोन्ही समुदायाने गायची गीते आहेत आणि एकाने ओळ टाकावी व इतरांनी ती उचलावी ही आफ्रिकेतून आलेली रीतही दोन्हींत आहे, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. चाल संथ आहे की द्रुत, यावरून मात्र त्यांची ओळख पटत नाही. गीत कोणी रचले आणि गाणाऱ्यांचा आनंद कशावर उभा आहे, हे पाहिले तर फरक लवकर कळतो.

स्पिरिच्युअलला कर्ता नसतो. जात्यावरची ओवी जशी कुणा एकीची नसते, दळणारी प्रत्येक जण तीत आपले काही मिसळते आणि ती पुढे जाते, तसेच या गीतांचे झाले. गोऱ्या मालकांच्या चर्चमध्ये गुलामांच्या कानांवर बायबलमधील कथा आणि आयझॅक वॉट्स यांच्यासारख्यांची इंग्रजी स्तोत्रे पडत. बहुतेकांना वाचायला शिकू दिलेले नसल्यामुळे पुढाऱ्याने एक ओळ म्हणावी आणि मंडळीने ती गावी, या पद्धतीने ती स्तोत्रे पाठ होत. परंतु खरी उपासना मालकांच्या नजरेआड, रानातील आडोशाला, रात्री होई. तिथे एखादी आठवलेली ओळ, एखादी जुनी आफ्रिकी लय आणि त्या दिवशीचा ताजा आकांत एकत्र येऊन गीत तयार होई, आणि पुढच्या रात्री ते थोडे बदललेले असे. वाद्यांचा प्रश्न तर कायद्यानेच निकालात काढला होता. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो येथे गुलामांचा उठाव झाला. त्यात ढोलांचा वापर झाला होता, म्हणून १७४० च्या कायद्याने त्या वसाहतीत गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी केली. मग ताल हातापायांवर आला. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर ‘रिंग शाउट’ नावाची उपासना चाले. मंडळी वर्तुळात उभी राहून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, पाय एकमेकांवरून न ओलांडता सरपटत्या पावलांनी फिरत आणि बाजूला उभे असलेले टाळ्या वाजवत गात. पाय ओलांडला तर ते नृत्य ठरे, आणि नृत्य हे ऐहिक मानले जाई. हा नियम आजच्या वाचकाला काटेकोर वाटेल, पण ढोल नसतानाही किती ताल धरता येतो, हे त्या वर्तुळाकडे पाहून कळते.

या गीतांचा विषय बहुधा जुन्या करारातला असतो. फारोच्या दास्यातून इस्राएलला सोडवणारा मोशे, सिंहांच्या गुहेत टिकून राहिलेला दानीएल, यार्देनपलीकडचा कनान देश यांचा उल्लेख गाणारे अशा रीतीने करीत की ती प्राचीन घटना आणि मळ्यावरील आजचा दिवस यांत अंतर उरत नसे. कनान म्हणजे स्वर्ग की उत्तरेकडील मुक्त संस्थाने? गुलामगिरीतून निसटून पुढे थोर वक्ते आणि लेखक झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ साली लिहिले की त्यांच्या तोंडच्या कनानमध्ये स्वर्गाच्या आशेहून अधिक काही होते. त्यांना उत्तरेकडील संस्थाने गाठायची होती. यावरून प्रत्येक स्पिरिच्युअल म्हणजे पळून जाण्याचा गुप्त नकाशा होता असे जे हौसेने सांगितले जाते, ते मात्र मला पटत नाही. त्यातील कित्येक कथा नंतरच्या काळातील आहेत, आणि त्यांच्या नादात ही गीते प्रथमतः प्रार्थना होती हेच विसरले जाते.

गाणाऱ्यांच्या आनंदाविषयी तर डग्लस यांनी त्याआधीच, १८४५ च्या आपल्या आत्मकथनात, एक इशारा दिला होता. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत, असे मानणाऱ्या उत्तरेकडील लोकांचे त्यांना नवल वाटे. गुलाम सर्वाधिक दुःखी असतो तेव्हाच सर्वाधिक गातो, असे त्यांनी स्वानुभवावरून लिहिले. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनीही १९०३ साली या गीतांना ‘दुःखाची गीते’ असेच म्हटले. तरीही रिंग शाउटमध्ये पहाटेपर्यंत फिरणारी माणसे केवळ रडत नव्हती. परिस्थितीत आनंदाचे एकही कारण नसताना, देवाने एकदा सोडवले म्हणून तो पुन्हा सोडवील एवढ्या भरवशावर उभा असलेला तो आनंद होता. आणि दुःख झाकण्याची त्याला गरज वाटत नसे. स्पिरिच्युअल ऐकताना हर्ष आणि विलाप वेगळे काढता येत नाहीत ते यामुळे.

आज आपण जे स्पिरिच्युअल ऐकतो ते बहुधा मूळ स्वरूपातले नसते, हेही सांगायला हवे. त्यांचा पहिला मोठा छापील संग्रह १८६७ साली निघाला. त्यात १३६ गीते होती, आणि हे आवाज कागदावर उतरवता येत नाहीत अशी कबुली संपादकांनीच दिली होती. त्यानंतर नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाचे काही तरुण गायक ६ ऑक्टोबर १८७१ रोजी दौऱ्यावर निघाले. संस्था कर्जात होती आणि तिचे खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी गायनातून पैसा उभारण्याचे ठरवले होते. या गायकांतील बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते. आपल्या आईवडिलांची उपासनागीते परक्यांसमोर गाणे त्यांना आरंभी नकोसे वाटे, म्हणून कार्यक्रमात मुख्यतः त्या काळची प्रचलित गाणीच असत. श्रोत्यांना जिंकले ते मात्र त्या खासगी गीतांनी. पन्नासाव्या वर्षी दासांना मुक्त करणाऱ्या बायबलमधील योबेल वर्षावरून त्यांनी ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतले, १८७३ साली व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले आणि मिळालेल्या पैशातून विद्यापीठाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. पुढे गायक-संगीतकार हॅरी बर्ली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पियानोच्या साथीसह एकट्या गायकासाठी केलेल्या मांडणीमुळे हीच गीते मैफिलीत पोहोचली. या प्रवासात त्यांना पाश्चात्त्य स्वरमेळ मिळाला आणि वर्तुळ, टाळ्या व पावले गळून पडली. स्पिरिच्युअल म्हणजे संथ आणि भारदस्त, हा समज बराचसा या मैफिली रूपावरून झालेला आहे.

गॉस्पेलकडे वळले की माणसांची नावे, तारखा आणि दुकाने दिसू लागतात. १९१० पासून सुमारे सहा दशकांत साठेक लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत स्थलांतर केले. शिकागोतील जुन्या, प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना दक्षिणेतून आलेल्यांचे मोठ्याने गाणे आणि टाळ्या अडाणीपणाच्या वाटत, आणि त्यांचे गायकवृंद युरोपीय धर्मसंगीत गाण्यात भूषण मानत. दुसरीकडे १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर कृष्णवर्णीय उपदेशक विल्यम सेमूर यांच्या सभांतून जे पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारे, पुनरुज्जीवन सुरू झाले, त्यातून निघालेल्या मंडळ्यांनी वाद्यांनी देवाची स्तुती करायला सांगणाऱ्या बायबलमधील स्तोत्र १५० चा शब्दशः आधार घेत खंजिरी, ढोल, झांजा आणि शिंगे खुशाल उपासनेत आणली. ज्या ढोलांवर एकेकाळी बंदी होती ते आता वेदीजवळ आले, हा दोन गीतप्रकारांतील कानाला सर्वांत आधी जाणवणारा फरक होय.

गॉस्पेलला नाव आणि रूप देण्याचे श्रेय सहसा टॉमस डॉर्सी यांना दिले जाते. जॉर्जियातील बॅप्टिस्ट उपदेशकाचे हे पुत्र ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे ऐहिक संगीत वाजवत, गायिका मा रेनी यांच्या साथीला पियानोवर बसत आणि काहीशी चावट गाणीही ध्वनिमुद्रित करीत. तीच ब्लूजची लय आणि स्वरांची ओढ घेऊन ते चर्चमध्ये आले तेव्हा अनेक ठिकाणी त्यांना दार दाखवण्यात आले. १९३२ साली ते शिकागोतील पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये गॉस्पेल गायकवृंदाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते सेंट लुइस येथील सभेत असताना पत्नी प्रसूतीत वारली आणि पाठोपाठ बाळही गेले. त्या शोकातून त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत लिहिले, तेही एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर आधारून. इथे स्पिरिच्युअलपासूनचे अंतर स्पष्ट होते. या गीताला कर्ता आहे, त्या कर्त्याचे दुःख कोणते हे ठाऊक आहे, आणि ते गीत छापून सुट्या कागदांवर विकलेही गेले. डॉर्सी आणि गायिका सॅली मार्टिन यांनी अशी गीते गावोगावच्या गायकवृंदांना शिकवत त्यांचा प्रसार केला. यात भक्तीपेक्षा व्यापार अधिक होता अशी टीका झाली. परंतु कागद पोहोचल्याशिवाय एका शहरातील गीत दुसऱ्या शहरातील मंडळीच्या तोंडी इतक्या लवकर बसले नसते.

एकाने लिहिलेले गीत सामूहिक कसे, अशी शंका इथे येऊ शकते. छापील गॉस्पेल हा केवळ आराखडा असतो. मुख्य गायिका ओळ ताणते, तोडते, पुन्हा घेते. गायकवृंद उत्तर देतो. ऑर्गन प्रत्येक ओळीनंतरची जागा भरतो. आणि बाकांवरची मंडळी ‘आमेन’ म्हणत, उभी राहत, हात उंचावत गीत कुठवर न्यायचे हे ठरवते. शेवटचे एखादे चरण कितीही वेळ फिरत राहू शकते. ‘मी’ हे सर्वनाम दोन्हीकडे आहे, म्हणून त्यावरून निवाडा करता येत नाही. स्पिरिच्युअलमधील ‘मी’ वर्तुळातल्या कुणाचाही असतो, तर गॉस्पेलमधील ‘मी’ साक्ष देत असतो: मी अडचणीत होतो, येशूने मला उचलले, तुम्हीही ऐका. भर जुन्या करारातील सुटकेवरून नव्या करारातील सुवार्तेकडे सरकतो, आणि आनंदही येणाऱ्या मुक्तीच्या आशेचा न राहता मिळालेल्या मदतीच्या कृतज्ञतेचा होतो. मला गॉस्पेलची खरी ताकद या साक्षीत दिसते. नुसत्या आवाजाच्या उंचीला ती समजणे ही फसगत आहे.

गोंधळ वाढवणारी उदाहरणेही आहेत. ‘अमेझिंग ग्रेस’ हे दोन्हींपैकी काहीच नाही. जॉन न्यूटन या पूर्वी गुलामवाहू जहाजाचा कप्तान असलेल्या इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिलेले आणि १७७९ साली छापलेले ते स्तोत्र आहे. पुढे कृष्णवर्णीय मंडळींनी ते मनापासून आपलेसे केले. उलट, महेलिया जॅक्सन या गॉस्पेलच्या सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या गायिका होत्या, पण २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी त्यांनी जे गायले ते एक जुने स्पिरिच्युअल होते. गीत स्पिरिच्युअल आणि गाण्याची धाटणी गॉस्पेल, असा हा प्रकार. १९६८ साली किंग यांच्या अंत्यविधीत त्यांनीच डॉर्सी यांचे ‘प्रेशस लॉर्ड’ गायले. भारतातही या गायनाचा एक धागा पोहोचला होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थरमन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थरमन आणि त्यांचे सहकारी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील बारडोली येथे गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींनी ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयीचे गीत म्हणण्याची विनंती केली. त्यांनी गायले ते स्पिरिच्युअल होते.

आपल्या शाळांतून म्हटल्या जाणाऱ्या ‘हम होंगे कामयाब’चे मूळ इंग्रजी गीत ‘वी शॅल ओव्हरकम’ मात्र कोणत्या खात्यात टाकावे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काही जण त्याचा धागा फिलाडेल्फियाचे पाळक चार्ल्स आल्बर्ट टिंडली यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, म्हणजे गॉस्पेलच्या आधीच्या काळातील, स्तोत्राशी जोडतात. काही जण तो कर्ता नसलेल्या जुन्या स्पिरिच्युअलकडे नेतात. १९४५–४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातील संपकऱ्यांनी ते गायले तेव्हाच त्यातील ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आला होता.