कुरणशास्त्र

नैसर्गिक गवताळ माळ, झुडपी राने, सव्हाना (विरळ झाडांचे गवताळ प्रदेश), वाळवंटी चराऊ जमिनी आणि उंच पर्वतांवरील कुरणे यांचा अभ्यास करणारी विद्याशाखा. तेथे चरणारी जनावरे आणि त्यांवर जगणारी माणसे हीही तिच्या कक्षेत येतात. पेरलेली चारापिके हा कृषिविद्येचा विषय. कुरणशास्त्राचा भर पावसावर आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींवर असतो. मृदाशास्त्र, वनस्पतिविज्ञान, पशुपोषण व जलसंधारण तीत एकत्र येत असल्याने अनेक विद्यापीठांत ती नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापनाच्या विभागात शिकवतात.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणे बेसुमार चराईने उघडी पडली. त्यावर उपाय शोधण्याच्या सरकारी प्रयत्नांतून ही शाखा उभी राहिली. आर्थर सॅम्पसन यांनी 1907 पासून ऑरेगन राज्यातील वॉलोवा पर्वतात प्रयोग केले. गवताचे बी पिकून गळेपर्यंत कुरणाचा एक भाग राखायचा आणि दरवर्षी राखीव भाग बदलायचा, ही पद्धत त्यांनी मांडली. या विषयाचे पहिले मानले जाणारे पाठ्यपुस्तकही त्यांचेच (1923). पहिला स्वतंत्र अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाने सुरू केला याबद्दल एकापेक्षा अधिक दावे आहेत. पश्चिमेकडील काही विद्यापीठांत तो 1920 च्या आसपास रुळला होता, एवढे म्हणता येते. या अभ्यासकांची अमेरिकी संघटना 1948 मध्ये स्थापन झाली.

चराईक्षमता : विद्यार्थ्याला सर्वप्रथम शिकावे लागते ते मोजमाप. एक मीटर लांबी-रुंदीची चौकट ठिकठिकाणी टाकून आतील गवत जातवार कापतात, भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात आणि तोलतात. हेक्टरी 2,000 किग्रॅ. शुष्क चारा मिळाला असे धरले, तर निम्मा मुळांच्या व मातीच्या रक्षणासाठी सोडून 1,000 किग्रॅ. वापरता येतो. 350 किग्रॅ. वजनाचे जनावर रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे पावणेनऊ किग्रॅ. शुष्क चारा खाते. वर्षाचे झाले जवळजवळ 3,200 किग्रॅ. एका जनावराला सव्वातीन हेक्टर लागतात, असा हिशेब निघतो. मात्र दुष्काळी वर्षात उत्पादन निम्म्याहूनही खाली येऊ शकते. त्यामुळे सरासरीवर बेतलेला आकडा नेमका गरजेच्या वेळी दगा देतो.

संतुलनाचा वाद : आरंभीचे कुरणशास्त्र अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या अनुक्रमणाच्या सिद्धांतावर (1916) उभे होते. चराईने वनस्पतिसमाज मागे ढकलला जातो व चराई थांबवली की तो पुढे सरकून मूळ अवस्थेला येतो, असे गृहीत होते. केन्यातील तुर्काना प्रदेशावरील एलिस व स्विफ्ट यांच्या अभ्यासाने (1988) याला धक्का दिला; तेथे गवत आणि कळप दोन्ही ठरवतो तो मुख्यतः पाऊस. पुढच्याच वर्षी वेस्टबी, वॉकर व नॉय-मीर यांनी अवस्था-संक्रमणाची मांडणी केली. तीनुसार ऱ्हासाचा ठरावीक उंबरठा ओलांडलेले कुरण केवळ चराईबंदीने परत येत नाही. कच्छमधील बन्नी या गवताळ प्रदेशात वेडी बाभूळ पसरली, तिच्या शेंगा जनावरे खातात आणि शेणातून बी सर्वत्र जाते. एकदा झाड जमले की गुरे हटवूनही गवत परतेलच असे नाही. कोरड्या प्रदेशांसाठी ही दुसरी मांडणी अधिक पटण्याजोगी आहे. पावसामागे कळप हलवणाऱ्या पशुपालकांची रीत तिच्यामुळे शास्त्राला नव्याने समजली.

भारतीय गवताळ प्रदेशांचे वय : दाबडघाव व शंकरनारायण यांनी देशव्यापी सर्वेक्षणाच्या आधारे 1973 मध्ये भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार ठरवले. दख्खनचा माळ त्यांतील सेहिमा–डायकँथियम प्रकारात येतो. पवना आणि मारवेल ही त्यातील प्रमुख गवते. हे वर्गीकरण आजही पाठ्यक्रमात आहे. त्यामागील धारणा मात्र अशी, की हे माळ म्हणजे वृक्षतोड, वणवे व चराई यांनी खालावलेले जंगल. वनखात्यात रूढ असलेल्या चँपियन व सेठ यांच्या वर्गीकरणातही (1968) असे अनेक प्रदेश वनप्रकारांतच मोडतात.

याविरुद्ध पुरावे अनेक बाजूंनी आले आहेत. शिवालिक खडकांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) उपखंडात उष्ण हवेची गवते सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी पसरली असे दिसते. गोदावरीच्या मुखाजवळील समुद्रतळाच्या गाळावरून मध्य व दक्षिण भारताचे शुष्कीकरण सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून वाढले असावे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे व भूदृश्यांचे उल्लेख तपासले. हिवर, तरटी यांसारख्या सव्हानात वाढणाऱ्या झाडाझुडपांच्या नोंदींवरून पश्चिम महाराष्ट्रातील सव्हाना किमान 750 वर्षे जुनी आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वाङ्मयीन पुरावा विस्तृत क्षेत्राचे मोजमाप देऊ शकत नाही आणि काही माळ खरोखरच तोडीने झालेले असणार. तरीही सरसकट ऱ्हासाचा सिद्धांत आता टिकवणे कठीण आहे. माळाला पडीक ठरवून त्यावर खड्डे घेऊन झाडे लावली, तर माळढोक, तणमोर, लांडगा यांचा अधिवास जातो आणि मेंढपाळांचा चाराही. म्हणून या वादाचे व्यावहारिक वजन फार मोठे आहे.

भारतातील अध्ययन : या विषयाची स्वतंत्र पदवी भारतात प्रचलित नाही. वनशास्त्राच्या पदवीत कुरण व्यवस्थापन हा एक घटक असतो, तर कृषिविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासात चारापिके येतात. झाशी येथील भारतीय चराऊ कुरणे व चारा संशोधन संस्था (1962) आणि जोधपूर येथील केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था (1959) ही प्रमुख संशोधनकेंद्रे होत. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथे वनशास्त्र शिकवले जाते. धनगरांचे वाडे (फिरते तळ) कोणत्या माळावर किती दिवस थांबतात, कोणते गवत कोवळे असतानाच चारावे, कुसळी पिकल्यावर मेंढ्या तिथून का हलवाव्यात, हे ज्ञान पाठ्यक्रमांत फारसे आलेले नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे.