केशराचा भाव, ग्रहांचं गणित आणि आपली शाब्दिक उदाहरणं

घरात शाळकरी पोर असलं की पुण्यात स्कॉलरशिपचा विषय निघतोच, परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद इथलीच आणि पुस्तकं काढणारी बालभारतीसुद्धा १९६७ पासून इथलीच. क्लासमध्ये गुणोत्तर आणि विभाज्यतेच्या उदाहरणांना शॉर्टकट शिकवतात, पण ही उदाहरणं आली कुठून हे कोणी सांगत नाही आणि मला ते फार मनाला लागतं, कारण ती बरीचशी आपल्याच मातीतली आहेत.

गुणोत्तराचं मूळ त्रैराशिकात, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढायच्या रीतीत. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ही रीत दिली : फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, झालं. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात (११५०) याचं पहिलंच उदाहरण केशराचं आहे, तीन सप्तमांश निष्काला (निष्क म्हणजे जुनं नाणं) अडीच पळं (पळ हे जुनं वजन) केशर मिळतं तर नऊ निष्कांना किती? इथे प्रमाण तीन सप्तमांश, फळ अडीच आणि इच्छा नऊ. नऊ म्हणजे तीन सप्तमांशाची एकवीस पट, म्हणून अडीच गुणिले एकवीस, साडेबावन्न पळं. सूत्र पाठ नसलं तरी हे सुटतं, ‘किती पट’ एवढं कळलं की पुरे. १९५७ मध्ये दशमान पैसे येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, मण चाळीस शेरांचा, त्यामुळे साधा बाजार करायलाही त्रैराशिक लागायचंच, आणि पावकी-निमकी-दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, तोंडपाठ असायचे ते त्याचसाठी.

विभाज्यतेची गोष्ट मात्र आकाशातली. ग्रहांच्या फेऱ्या आणि गेलेले दिवस यांचा मेळ घालताना बाकीवरून मूळ संख्या शोधावी लागे, त्या रीतीला कुट्टक म्हणतात, तीही आर्यभटापासूनची. लीलावतीतलं उदाहरण बघा : २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले की १९५ ने पूर्ण भाग जाईल? आधी तिन्ही संख्यांना मसावि १३ ने भागायचं, मग उरतं १७, ५ आणि १५, म्हणजे सतराच्या पटीत पाच मिळवून पंधराने भाग जायला हवा. सतरा म्हणजे पंधरा अधिक दोन, पंधराचा भाग तर जातोच, मग दुपटीत पाच मिळवून पंधरा यायला हवेत, म्हणून उत्तर ५. मसावि शिकायचा कशासाठी हे इतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आणि नुसती रीत देऊन आपले लोक थांबले नव्हते बरं का. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका, म्हणजे भाष्य, लिहिली, त्यात रीत का चालते त्याच्या उपपत्ती, म्हणजे सिद्धता, दिल्यात, आणि ती टीका १९३७ साली आपल्या पुण्याच्या आनंदाश्रमानेच छापली, म्हणजे अप्पा बळवंत चौकाजवळ, जिथे आज गाईडांचे गठ्ठे विकले जातात तिथून अगदी जवळ.

पुढे फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीला शाळामास्तर झालेले द. रा. कापरेकर आले. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं, जसं २४ ला सहाने जातो किंवा १७२९ ला १९ ने. मुलांना १० ते ९९ मधल्या हर्षद संख्या शोधायला लावा, शून्याने संपणाऱ्या सगळ्या येतात ते का, हेही विचारा, एकूण २३ निघतात.