धंद्याचं नाव कायद्याने आपलं कसं करायचं: ट्रेडमार्क आणि वेबसाइटच्या नावाची नोंदणी

माझी मावशी राजारामपुरीत घरूनच कांदा-लसूण मसाला विकते. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, अन्न परवाना, सगळं जागच्या जागी होतं. त्यामुळे पाकिटावरचं नावही आपलंच, असं घरातले सगळे धरून चालले होते. कोल्हापुरातल्या किती तरी छोट्या व्यावसायिकांचा हाच समज आहे, आणि तो चुकीचा आहे. हे कागद धंदा करायला लागतात, नावावर हक्क देत नाहीत. तो हक्क ट्रेडमार्क कायदा, 1999 खाली नोंदणी केल्यावर पक्का होतो. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ही आणखी वेगळी गोष्ट. एक घेतलं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही.

म्हणून नाव ठरवताना दोन्हीकडे एकाच दिवशी शोध घ्या. ट्रेडमार्कसाठी आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, ती नक्की वापरा. लिपी किंवा स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला सारखं लागणाऱ्या नावावर हरकत येते, आणि मराठी शब्द रोमन लिपीत दहा प्रकारे लिहिला जातो. नाव मोकळं दिसलं की आधी डोमेन घ्या. ते काही मिनिटांत होतं आणि खर्च साधारणपणे वर्षाला काही शे ते हजारभर रुपये येतो. मग ट्रेडमार्कचा अर्ज करा.

नाव कसं असावं, इथे जरा थांबून विचार करा. ‘अस्सल कोल्हापुरी मसाला’ यासारखं नाव गिऱ्हाइकाला आवडतं, पण नोंदणीत अडकतं. कायद्याचं कलम 9 सांगतं की मालाचा प्रकार, गुण किंवा गाव नुसतं सांगणाऱ्या शब्दांवर एकट्याची मालकी देता येत नाही. कोल्हापुरी चप्पल आणि कोल्हापूरचा गूळ यांना तर भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख, आहे. चपलेचं मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचं सामाईक आहे. ते नाव साऱ्या कारागिरांचं. ते अधिकृतपणे वापरायचं तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. आपल्या ब्रँडला मात्र मालाशी थेट संबंध नसलेलं किंवा नव्याने घडवलेलं नाव घ्यावं. घरातल्या कुणाचं टोपणनाव, एखादा जुना शब्द, काहीही चालेल.

अर्ज कुणीही करू शकतं: एकटा मालक, भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), कंपनी. फॉर्म टीएम-ए भरायचा. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000 रुपये फी आहे, आणि ती प्रत्येक वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या प्रत्येक गटाला, वेगळी. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं. एकूण 45 वर्ग आहेत. मसाला आणि गूळ 30 मध्ये, लोणचं 29 मध्ये, चप्पल 25 मध्ये, चांदीचे दागिने 14 मध्ये, खानावळ 43 मध्ये. मावशी लोणचंही घालते, म्हणजे दोन वर्ग, दुप्पट फी. एकाच अर्जाचे पैसे असतील तर आधी नुसत्या शब्दाचा करा, लोगोचा नंतर. लोगो बदलला तरी शब्द सुरक्षित राहतो.

कागद फार नाहीत: पॅन, पत्त्याचा पुरावा, भागीदारी असेल तर करारपत्र, लोगो असेल तर त्याचं चित्र. वकील किंवा एजंटामार्फत करत असाल तर टीएम-48 हे अधिकारपत्र.

खरं वजन असतं ते जुन्या पुराव्याला. नाव कधीपासून वापरता, हे अर्जात लिहावं लागतं, आणि आधीपासूनचा वापर सांगितला तर प्रतिज्ञापत्रासह पुरावे द्यावे लागतात. मावशीच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत पहिलं बिलबुक निघालं. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालेली, कडेला तिखटाचा लाल डाग, पण नाव आणि तारीख स्वच्छ. सोबत लेबल छापल्याचं छापखान्याचं बिल. कलम 34 आधीपासून सलग वापर करणाऱ्याला संरक्षण देतं, त्यामुळे असे कागद रद्दीत घालू नका.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे घरात बसून मोकळेपणाने ठरवा. भाऊ-भाऊ वेगळे होतात तेव्हा दुकानाची वाटणी होते, नावाची होत नाही.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलमधल्या कार्यालयाकडे जातात, पण ऑनलाइन अर्जासाठी तिथे खेटे घालावे लागत नाहीत. पुढे अर्जाच्या ऑनलाइन स्टेटसमध्ये ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ नाव गेलं असा नाही. परीक्षकाने शंका काढली आहे, तपासणी अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यायचं. ‘अपोज्ड’ ही वेगळी अवस्था: नाव ट्रेडमार्क जर्नल या सरकारी प्रकाशनात छापल्यावर 4 महिन्यांत बाहेरच्या कुणी विरोध केला, असा त्याचा अर्थ. त्याची नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत प्रत्युत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. म्हणून अर्जात स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल द्या, एजंटाचा एकटा नको. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं, गोलातला ‘आर’ नाही.

डोमेनमध्ये आम्ही ठेच खाल्ली आहे. पहिली वेबसाइट ज्याने बनवली, त्याने नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. मुदत संपली तेव्हा त्याचा फोन लागेना, आणि आमच्या हातात पासवर्डही नव्हता. नाव गेलं. तेव्हा खातं स्वतः उघडा, पैसे स्वतः भरा, बनवणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. डॉट इन आणि देवनागरीतलं डॉट भारत ही नावं निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत येतात. ती नोंदवताना खरं नाव-पत्ता द्यावा लागतो. आपल्या ब्रँडचं डॉट इन नाव कुणी वाईट हेतूने अडवलं, तर निक्सीकडे लवादासाठी तक्रार करता येते, आणि तिथे ट्रेडमार्कची नोंदणी मोठा आधार ठरते.

ट्रेडमार्क अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं चालतो, मग नूतनीकरण. मधल्या काळात 5 वर्षांहून अधिक काळ नाव वापरलंच नाही, तर कुणी ते काढून टाकायची मागणी करू शकतं. मावशी आता दर दिवाळीला नाव छापलेलं एक कोरं पाकीट आणि त्या महिन्याचं एक बिल त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते.