घाणेरी काढायचीय? आधी सातबारा काढा

जावळी-पाटणच्या डोंगरात ओढ्याकाठची वाट घाणेरीने, म्हणजे टणटणीने, अडवलीय हे काही नवं नाही. जोडीला रानमोडी असतेच. गुरं तोंड लावत नाहीत, आणि त्या जाळीखाली उजेडाला आसुसलेली हिरड्या-जांभळाची रोपं तशीच खुरटतात. गावातली दहा पोरं कोयते घेऊन निघायला तयार असतात. पण परवानगी लागते की नाही, हे झुडपावर ठरत नाही, जमिनीवर ठरतं. म्हणून आधी गट नंबर शोधा आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सातबारा काढा.

मालकीचं रान असेल तर घाणेरी-रानमोडी ही झुडपं आहेत, ती काढायला वृक्षतोडीची परवानगी लागत नाही. मात्र १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत हिरडा, जांभूळ, ऐन, आंबा, फणस, खैर, चंदन ही झाडं आहेत. जाळीत गुरफटलेलं हिरड्याचं झाड कोयत्याखाली गेलं तर ते अंगाशी येतं. सुरुवात करण्याआधी अशा झाडांना चुन्याचा पट्टा मारा, एका दुपारचं काम आहे. सुबाभूळ आणि उंदीरमारी ही झाडं, त्यांचा विषय झुडपांच्या अर्जात घुसडू नका.

गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात द्या.

सातबाऱ्यावर वन विभागाचं नाव निघालं तर मात्र खरी प्रक्रिया सुरू होते. राखीव वनात विनापरवाना तोड आणि आग, दोन्ही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. 'काढलेलं तिथंच पेटवून देऊ' हा विचार डोक्यातून काढा. वणवे आधीच कमी नाहीत. अर्ज वनक्षेत्रपालांच्या नावे साध्या कागदावर लिहा. तो एकट्या माणसाने करण्यापेक्षा ग्रामपंचायतीने किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीने केलेला बरा. सोबत ग्रामसभेचा ठराव, सातबारा, गटाचा नकाशा (त्यावर काम करायचा तुकडा लाल पेनने दाखवून), सध्याचे फोटो आणि येणाऱ्यांची यादी लावा. देण्याआधी बीटच्या वनरक्षकांना जागा फिरवून दाखवा. वर अभिप्राय त्यांचाच मागवला जातो.

आमचा पहिला अर्ज परत आला होता. विषयात आम्ही 'झुडपे तोडण्यास परवानगी' असं लिहिलं होतं, आणि 'तोड' शब्द दिसला की कुठलंही कार्यालय हात आखडतं. दुसऱ्या वेळी लिहिलं: 'घाणेरी व रानमोडी मुळासकट काढून स्थानिक झाडांचे संवर्धन'. त्याखाली किती गुंठे, कोणत्या महिन्यात, काढलेलं कुठे टाकणार आणि पुढची तीन वर्षं निंदणी कोण करणार, हेही. तीन वर्षांची ही ओळ सगळे विसरतात. माझ्या मते अर्जातला सगळ्यात वजनदार मजकूर तोच.

गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर कलम ३(१)(झ) नुसार त्या वनाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेकडेच आहे. मग हक्कपत्राची प्रत जोडून कामाची माहिती वन विभागाला द्या. कोयना अभयारण्यात मात्र वन्यजीव कायद्याचं कलम २९ लागू होतं. परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांचा, आणि काम वन्यजीव व्यवस्थापनाच्या हिताचं असलं तरच. तिथे स्वतःचा उपक्रम आखू नका, वन्यजीव विभागाच्या कामात हात लावा.

परवानगी मिळाली की कोयता घरी ठेवा. घाणेरी बुंध्याशी छाटली की पुढच्या पावसात दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत सोपी आहे: माती सारायची, खोड मुळाला मिळतं त्याच्या दोन बोटं खाली सोटमूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. फळं काळी पडण्याआधी हे उरका, नाहीतर बुलबुल बी पेरत फिरतात.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढे विचारणा करायची तर तोच क्रमांक विचारतात.