रयतवारी मोजणी आणि सर्व्हे नंबर (मुंबई इलाखा)

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात जमिनीची शेतवार मोजणी व प्रतबंदी (मातीच्या दर्जानुसार वर्गवारी) करून प्रत्येक शेताचा सारा थेट खातेदाराच्या नावावर बसवण्याची पद्धत. तिच्यातून आलेला सर्व्हे नंबर, म्हणजे मोजलेल्या शेताला दिलेला क्रमांक, हा महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचा आजही पाया आहे. वसाहती राज्य गेले तरी त्याने आखलेली चौकट कशी टिकून राहते, याचे इतके रोजच्या वापरातले उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. ही चौकट सारा गोळा करण्यासाठी आखली होती, मालकी ठरवण्यासाठी नव्हे, याचा मात्र बहुतेकांना विसर पडतो.

पेशवाईत सरकारचा व्यवहार मुख्यतः गावाशी असे. पाटील-कुलकर्णी गावाची एकूण रक्कम कबूल करत आणि मग ती गावात वाटून घेतली जाई. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा होता. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार परतून आपली जमीन मागू शके. उपरी, म्हणजे बाहेरून आलेल्या, कुळाला असा आधार नव्हता. ही व्यवस्था समतेची मुळीच नव्हती, वतने आणि सेवा जातीला बांधलेल्या होत्या. पण सावकाराचे देणे थकले म्हणून जमीन गावाबाहेरच्या माणसाकडे सहजासहजी जात नसे.

१८१८ नंतर पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने पहिली मोठी मोजणी केली आणि १८३० मध्ये तिचे दर लागू झाले. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता जे उरेल त्याच्या ५५ टक्के सारा, असे तिचे सूत्र होते. कागदावर ते शास्त्रशुद्ध दिसे. प्रत्यक्षात प्रत्येक शेताचे उत्पन्न व खर्च हे अंदाजाचे आकडे होते, मोजणीत चुका होत्या आणि खालच्या नोकरवर्गात लाचखोरी होती. दर भरणे अशक्य झाले, वसुलीसाठी छळ झाला, लोक शेते टाकून निघून गेले आणि पद्धत गुंडाळावी लागली.

त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, १८६५ च्या कायद्याने त्यांना बळ मिळाले आणि पुढे ते १८७९ च्या जमीन महसूल संहितेत गेले.

काम तीन टप्प्यांत चाले. पहिली मोजणी: साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौरस फूट), चाळीस गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीला झेपेल एवढे क्षेत्र हा नंबर पाडण्याचा आधार होता. कोरडवाहू जमिनीत तो जमिनीच्या पोतानुसार साधारण १२ ते २० एकरांचा, भातजमिनीत खूपच लहान. मोजमापे टिपणात (मोजणीच्या नोंदपत्रात) उतरत आणि हद्दीवर दगड किंवा मातीचे उंचवटे उभे राहत.

दुसरी प्रतबंदी, आणि या पद्धतीचे खरे कसब इथेच आहे. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली पाहिली जाई. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. खोली कमी होईल तशी प्रत उतरे. प्रती एकंदर नऊ, शेवटची दोन आण्यांची. तांबूस किंवा भरड जमीन तेवढ्याच खोलीला खालच्या प्रतीत बसे. त्यावर दोष मांडत: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, ओढ्याच्या पाण्याने वाहून जाण्याचा धोका. एका दोषाला एक प्रत कमी. प्रिंगलने मोजलेले शेतातले उत्पन्न इथे मोजलेच जात नाही, केवळ जमिनीची एकमेकींशी तुलना होते. म्हणून ही पद्धत चालली.

तिसरा टप्पा आकारणीचा. बाजार, रस्ते, पाऊस आणि आधीची वसुली पाहून गावांच्या गटाला कमाल दर ठरे आणि आण्यांच्या प्रमाणात प्रत्येक नंबराला आकार लागे. तो तीस वर्षे बदलत नसे.

सुरुवातीचे दर हलके होते आणि पडीक जमीन लागवडीखाली आली, हे मान्य करायला हवे. बिघडले ते पुढे. आता प्रत्येक शेत वेगळे, नंबराचे आणि विकता येण्याजोगे झाले, म्हणजेच सावकाराला चांगले तारण मिळाले. पाऊस कसाही असो, सारा रोखीने व ठरल्या वेळी भरायचा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचा भाव चढला, कर्जे वाढली आणि भाव पडले त्याच सुमारास पहिल्या तीस वर्षांची मुदत संपून वाढीव आकार आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख कागदांवर होता; अनेक ठिकाणी खते मिळाली की हिंसा थांबे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायालयांना खतामागचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. सावकारांनी गहाणाऐवजी थेट खरेदीखत करून घ्यायला आणि जमीन परत देण्याचे तोंडी कबूल करायला सुरुवात केली. हा प्रकार अजून संपलेला नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अशी जमीन परत देण्याची तरतूद करावी लागली. जमीन महसूल संहितेच्या १९०१ च्या दुरुस्तीने हस्तांतरावर बंधन असलेली धारणा आणली. काँग्रेसचे नेते फिरोजशहा मेहतांनी विधिमंडळात सभात्याग केला तो याच विधेयकावर. नवी शर्त आणि भोगवटादार वर्ग २ या आजच्या शब्दांची मुळे तिथे आहेत.

हक्कनोंदणी, म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क याची नोंद, १९०३ च्या कायद्याने आली. फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि सातबारा ही तिचीच संतती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. ती मालकीचा निर्णायक पुरावा नाही. तरी बँक, वारस आणि खरेदीदार तिलाच मालकी समजतात. वारसांपैकी ज्यांचे नाव चढले नाही, बहुधा बहिणींचे, त्यांचा हक्क कायद्याने शाबूत राहूनही व्यवहारात दिसेनासा होतो.

क्षेत्र आता हेक्टर-आरमध्ये लिहितात. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर (एक आर १०० चौरस मीटरचा). १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आले आणि त्या वेळच्या नोंदींतील चुकांचे वाद अजून चालू आहेत. बांधाचा तंटा आला की भूमापक जुने टिपण काढतो, त्यातली साखळ्या-आण्यांची मापे मीटरमध्ये बदलतो आणि जागेवर टिकलेला एखादा हद्दीचा दगड शोधून तिथून मोजायला लागतो.