जनगणना आणि पॅरिश नोंदींतून कुलशोध

जुन्या जनगणनेचे कागद आणि चर्चच्या नोंदवह्या चाळून एखाद्या घराण्याच्या पिढ्या एकेक करत मागे शोधत जाण्याची पद्धत. या नोंदीत मुख्यतः इंग्लंड आणि वेल्समधल्या साधनांचा विचार केला आहे. तिथे चर्चच्या वह्या १५३८ पासून आणि जनगणनेतली नावनिशी १८४१ पासून मिळते, त्यामुळे नशीब बरे असेल तर साध्या शेतमजुराच्या घराण्याचाही माग तीन-चार शतके मागे नेता येतो.

या साधनांबाबत एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. यांतली एकही नोंद वंशजांसाठी केलेली नाही. पाद्र्याने वही लिहिली ती वरून हुकूम आला म्हणून, सरकारने माहिती लिहून घेतली ती माणसे मोजायची होती म्हणून. आपल्याला हवे असलेले नाव त्यात ओघाने आले आहे. त्यामुळे काय लिहिले आहे हे वाचण्याआधी ते कोणी, कोणाला विचारून आणि कशासाठी लिहिले, हे पाहावे. कुलशोधातल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

पॅरिशची वही

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर. कधी एकच खेडे, कधी विखुरलेल्या चार वाड्या, तर शहरात दोन-चार गल्ल्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी आणि आठवड्याभरातले बाप्तिस्मे, विवाह व दफने रविवारी तीत लिहावीत. लिहिताना चर्चवॉर्डन म्हणजे चर्चचे कारभारी हजर हवेत. वही दोन कुलपांच्या पेटीत राहील, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी कारभाऱ्यांकडे. कुचराई झाल्यास ३ शिलिंग ४ पेन्स दंड. हा नव्या कराचा डाव असणार, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली. दीडशे वर्षांनी ती खरी ठरली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी १६९५ पासून जन्माला २ शिलिंग, लग्नाला अडीच शिलिंग आणि दफनाला ४ शिलिंग असा किमान कर बसला आणि तो १७०६ पर्यंत राहिला. पुढे १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर ३ पेन्सचा कर होता. त्यातून गरिबांना सूट होती, म्हणून त्या वर्षांतल्या काही वह्यांत नावापुढे ‘पी’ हे अक्षर दिसते. ते ‘पॉपर’चे, म्हणजे कंगालाचे. कर लागू होण्याच्या आदल्या काही दिवसांत एकाच घरातली तीन-चार मुले एकदम बाप्तिस्म्याला आणलेली आढळली, तर ती तिळी-चौळी नव्हेत.

या वह्या कशा वाचायच्या, हे समजून घ्यायला स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या होली ट्रिनिटी चर्चची वही फार उपयोगी पडते. तीत २६ एप्रिल १५६४ या तारखेला लॅटिनमध्ये एक ओळ आहे: ‘गुलिएल्मुस फिलिउस योहान्नेस शाक्सपेरे’. म्हणजे जॉन शेक्सपियरचा मुलगा विल्यम. व्याकरणाप्रमाणे तिथे ‘योहान्निस’ हवे होते. लिहिणाऱ्याचे लॅटिन बेताचे असणे ही त्या काळी रोजची गोष्ट होती. पण महत्त्वाचे ते पुढे. ही तारीख बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नव्हे. २३ एप्रिल हा जन्मदिवस परंपरेने मानला जातो, वहीत तो कुठेही नाही. शिवाय आज दाखवतात ते पान १५६४ मध्ये लिहिलेलेच नाही. कागदी वह्या विरत चालल्या होत्या, म्हणून १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढण्याची आज्ञा निघाली आणि त्यानुसार १६०० च्या सुमारास ही नक्कल झाली. सगळ्या नोंदी, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी, उतरवाव्यात असे त्या आज्ञेत होते. कंटाळलेल्या लेखनिकांनी त्यातला ‘निदान’ तेवढा उचलला. कितीतरी पॅरिशच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

याच घराण्याच्या विवाहाची नोंद त्याहून मोठा धडा देते. वूस्टरच्या बिशपच्या दफ्तरात २७ नोव्हेंबर १५८२ रोजी विल्यमला परवाना दिल्याची नोंद आहे आणि वधू आहे टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली. दुसऱ्याच दिवशीच्या जामीनपत्रात मात्र वधूचे नाव ॲन हॅथवे असे येते. यावरून काहींनी एक दुसरीच प्रेयसी उभी केली. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही कारकुनाच्या हातून झालेली चूक आहे. व्हेटली आडनावाच्या माणसाचा एक खटला त्याच सुमारास त्याच्यापुढे होता. एका शब्दावर माणूस उभा करू नये, दुसरा कागद त्याला दुजोरा देतो का ते पाहावे, हे सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

विल्यमची जुळी मुले हॅम्नेट आणि ज्युडिथ यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारी १५८५ चा, पण वहीत तो १५८४ मध्ये सापडतो. तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागे, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग सरत्या वर्षात मोडे. अशा तारखा आज १५८४/८५ अशा लिहितात. हे विसरले तर लग्नाआधीच मूल झाल्याचा किंवा आई मेल्यानंतर मूल जन्मल्याचा भलताच निष्कर्ष निघतो. १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला आणि वर्ष १ जानेवारीपासून धरले जाऊ लागले. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत. त्यांच्या जुन्या वह्यांतला ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

जुन्या नोंदी त्रोटक असतात. बाप्तिस्म्यात बापाचे नाव असते, आईचे कित्येकदा नसते; दफनात नुसते नाव. लेखन लॅटिनमध्ये असेल तर विल्यमचा गुलिएल्मुस, जेम्सचा याकोबुस होतो. १७३३ मध्ये सरकारी लिखाणातून लॅटिन गेले, चर्चच्या वह्यांतून ती बहुतेक ठिकाणी त्याआधीच गेली होती. १६४२ ते १६६० ही यादवी युद्ध आणि प्रजासत्ताकाची वर्षे म्हणजे बहुतेक वह्यांतले खिंडार. पाद्री हाकलले गेले, वह्या लपवल्या किंवा हरवल्या गेल्या आणि १६५३ नंतर काही काळ विवाह दंडाधिकाऱ्यापुढे लागत. इतर काळातली वही हरवली, किंवा पान ओलीने गेले, तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल कामी येते. दोन्ही प्रती उपलब्ध असल्या तरी ताडून पाहाव्यात, कारण एका प्रतीत सुटलेले मूल दुसरीत सापडते.

लॉर्ड हार्डविकच्या कायद्याने २५ मार्च १७५४ पासून चर्चबाहेरच्या लग्नांना आळा बसला. क्वेकर आणि ज्यू यांना त्यातून सूट होती. विवाहाची नोंद स्वतंत्र वहीत होऊ लागली आणि तिच्यावर वधू-वर व साक्षीदारांच्या सह्या आल्या. ज्याला लिहिता येत नसे तो फुली मारी आणि पाद्री बाजूला ‘तिची खूण’ किंवा ‘त्याची खूण’ असे लिही. मजूर बाईच्या स्वतःच्या हातची, सगळ्या कागदपत्रांत उरलेली एकमेव गोष्ट पुष्कळदा ही फुलीच असते. साक्षीदारांची नावे वगळून पुढे जाऊ नये. ती बहुधा भावंडांची असतात, आणि माहेरचे घर त्यांच्यावरूनच ओळखू येते.

१७७० च्या दशकात यॉर्कशरमध्ये विल्यम डेड या पाद्र्याने स्वतःहून एक विस्तृत तक्ता सुरू केला. त्यात मुलाच्या आई-वडिलांबरोबर आजा-आजींची नावे, व्यवसाय आणि गावेही येत. इतर पाद्र्यांना हे काम जड वाटले आणि १८१३ मध्ये देशभर छापील फॉर्म आल्यावर ते बंद पडले. नव्या फॉर्ममध्ये बापाचा धंदा, राहण्याचे ठिकाण आणि दफनाच्या नोंदीत वय एवढे सक्तीचे झाले. बहुतेक पॅरिशना ही भरच होती, पण डेडच्या पद्धतीने लिहिणाऱ्या पॅरिशांचे त्यात नुकसान झाले. यॉर्कशरमध्ये पूर्वज असणाऱ्याला एका ओळीत तीन पिढ्या मिळतात, तेव्हा त्या पाद्र्याचे ऋण कळते.

शिरगणती

पहिली जनगणना १० मार्च १८०१ रोजी झाली. इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख भरली. १८३१ पर्यंतच्या चार जनगणनांत सरकारला हवी होती ती डोकी, नावे नव्हेत. ६ जून १८४१ च्या जनगणनेपासून घरोघरी प्रत्येकाचे नाव लिहिले गेले. त्यातही नाते लिहिलेले नाही, जन्मस्थळ याच परगण्यातले की नाही एवढेच आहे आणि १५ वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती. ३९ वर्षांचा माणूस तिथे ३५ चा होतो. काही प्रगणकांनी सूचना पाळली, काहींनी नाही. ३० मार्च १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नाते, नेमके वय, वैवाहिक स्थिती आणि जन्माचे पॅरिश येऊ लागले, आणि चर्चच्या वहीकडे नेणारी वाट खुली झाली.

उदाहरण घ्यायचे तर, १८५१ मध्ये एक शेतमजूर ४७ वर्षांचा आहे आणि जन्मगाव लिहिले आहे. त्याचा जन्म १८०३-०४ च्या सुमाराचा. १८४१ मध्ये तो ३७ चा, म्हणजे कागदावर ३५ चा असेल. तसा तो बायको-मुलांसह सापडला, तर जन्मगावच्या वहीत १८०० ते १८०८ एवढा पट्टा पाहावा. एकाच नावाची दोन मुले तिथे भेटतील. अशा वेळी दफनाची वही आधी उघडावी. पहिले मूल दगावले की पुढच्याला तेच नाव देण्याची रीत होती, आणि चार वर्षांच्या वयात पुरलेल्या मुलाला स्वतःचा पणजोबा मानून वंशवृक्ष वाढवणारे पुष्कळ आहेत. नावाची नोंद मिळाली यावर समाधान न मानता हा मुलगा जगला का, हे विचारल्याशिवाय पिढी पक्की होत नाही.

जनगणनेचा जो कागद आपण पाहतो तोही नक्कलच असतो. प्रगणक घरोघर फॉर्म वाटे, घरमालक तो भरी, लिहिता न येणाऱ्याचा प्रगणकच भरी. मग तो सगळी माहिती आपल्या वहीत उतरवून काढी. कुटुंब संपले की एक तिरकी रेघ, घर संपले की दोन. मूळ फॉर्म नष्ट झाले आणि वह्या उरल्या. त्यांवर लंडनच्या कारकुनांनी बेरजा करताना मारलेल्या जाड खुणा वयाच्या आकड्यांवरच बसलेल्या असतात, त्यामुळे ३ चा ८ वाटतो. नात्यांचे शब्दही जपून घ्यावेत. बारा वर्षांचा मुलगा घरमालकाचा ‘सन-इन-लॉ’ म्हणून दिसला तर तो जावई नव्हे, सावत्र मुलगा होय. तेव्हा हा शब्द दोन्ही नात्यांना चाले.

२ एप्रिल १९११ च्या जनगणनेत प्रथमच घरमालकाच्या हस्ताक्षरातले मूळ फॉर्म जपले गेले. विवाहित स्त्रीला तिच्या लग्नाची वर्षे, झालेली मुले, हयात मुले आणि गेलेली मुले विचारली होती. विधवांना हा प्रश्न नव्हता, तरी कित्येकींनी उत्तर लिहिले. कार्यालयात ते लाल शाईने खोडले गेले, पण रेघेखालचे आकडे वाचता येतात: झाली ११, हयात ६, गेली ५. त्या पाच मुलांचा दुसरा मागमूस कुठे राहिलेला नसला, तरी इथे आईने त्यांना मोजले आहे. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी याच जनगणनेवर बहिष्कार घातला होता. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन त्या रात्री वेस्टमिन्स्टरच्या संसद भवनातल्या तळघरातील प्रार्थनागृहात लपून बसली. ती सापडली आणि तिची नोंद तिथेही झाली, राहत्या घरीही झाली.

शोधाची वाट आणि तिच्यातली खिंडारे

शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे आजकडून मागे जातो. प्रसिद्ध पूर्वज ठरवून त्याच्यापासून खाली येणारा माणूस हमखास फसतो. १ जुलै १८३७ पासून जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली, ती जनगणना आणि चर्चची वही यांना जोडणारा सांधा आहे. विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्याही बापाचे नाव आणि धंदा असतो. मात्र मध्यवर्ती कार्यालयातून मिळणारा दाखला ही नक्कल आहे. पूर्वजाची खरी सही पाहायची तर चर्चचीच वही पाहावी लागते. जुन्या वह्या आता बहुतांशी परगण्यांच्या अभिलेखागारांत आहेत आणि जनगणनेचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे.

आता बरेचसे काम घरबसल्या होते. १९०१ ची जनगणना जानेवारी २००२ मध्ये संगणकावर खुली झाली, तेव्हा एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोलमडले आणि काही महिने बंद राहिले. पण सूचीवर विसंबून राहणे धोक्याचे. जुन्या लिपीतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, उच्चारावरून लिहिलेली आडनावे पानोपानी बदलतात. शोधूनही नाव मिळाले नाही, तर त्या गावाची सगळी पाने स्वतः उलटावीत. वेल्समध्ये तर अठराव्या शतकातही अनेक ठिकाणी स्थिर आडनावे नव्हती, बापाचे नावच मुलाला लागे. ‘रीसचा मुलगा’ या अर्थाच्या ‘अप रीस’चे प्राइस झाले, ‘अब ओवेन’चे बोवेन.

काही खिंडारे कधीच भरून येणार नाहीत. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये आयर्लंडचे अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ च्या तिथल्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. त्यानंतरच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, त्यामुळे संपूर्ण देशाच्या म्हणून १९०१ आणि १९११ एवढ्याच हाती राहतात. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये मिडलसेक्समधल्या हेझ इथे आगीत खाक झाली. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ ची युद्धकालीन नोंदवही तेवढी आधार देते. जनगणनेची नावनिशी शंभर वर्षे बंद राहते. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये उघडली. स्कॉटलंडची १९३१ ची वाचली आहे, पण इंग्लंड आणि वेल्ससाठी पुढची उघडेल ती थेट १९५१ ची, आणि तीही २०५२ मध्ये.