कवी-चित्रकार (बालसाहित्य)

मुलांसाठी कविता लिहिणारा आणि त्या कवितांची चित्रेही स्वतःच काढणारा साहित्यिक. बालपुस्तकात कविता एकाची आणि चित्रे दुसऱ्याची, ही सर्रास चालत आलेली रीत आहे. प्रकाशक कविता चित्रकाराकडे धाडतो, तो ती वाचून रेखाटने करून देतो. दोन्ही कामे एकाच हाताने झाली की कवितेतली एखादी ओळ गाळून तिचे काम चित्रावर सोपवता येते. चित्रकाराला दुसऱ्याच्या ओळीला कात्री लावता येत नाही, कवीला दुसऱ्याच्या चित्रात फेरफार करता येत नाही. कवी-चित्रकाराला दोन्हींची मुभा असते. सोलापूरसारख्या बहुभाषी शहरात या मुभेला विशेष मोल आहे.

पूर्वपरंपरा

इंग्लंडमध्ये विल्यम ब्लेकने 1789 साली आपल्या कविता आणि चित्रे एकाच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली. रंग हातानेच भरले आणि त्या कामात त्याची पत्नी कॅथरीन त्याच्यासोबत असे. एडवर्ड लिअर (1812–1888) हा मुळात पशुपक्ष्यांचा चित्रकार. एका सरदाराच्या घरी प्राण्यांची चित्रे काढायला राहिला असताना तिथल्या मुलांसाठी त्याने चार घटका करमणुकीची चित्रे आणि पाच-पाच ओळींची कडवी रचली. ती 1846 मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढे 1873 ते 1875 या काळात तो हिंदुस्थानभर हिंडून निसर्गचित्रे काढत होता.

भारतात या परंपरेतले सर्वांत मोठे नाव बंगाली कवी सुकुमार राय (1887–1923) यांचे. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर हे छपाईचे ठसे बनवण्यातले जाणकार होते. मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक त्यांनीच 1913 मध्ये सुरू केले. सुकुमार यांनीही विलायतेत जाऊन छपाईचे तंत्र शिकून घेतले. त्यांच्या एका कवितेत बदक आणि साळिंदर यांचा मिळून एकच प्राणी होतो. कविता त्याचे नाव सांगते, पण चोच कुठे संपते आणि काटे कुठे सुरू होतात ते चित्रातच कळते. दुसऱ्या कुणाला हे चित्र काढायला दिले असते तर त्याने आधी पन्नास शंका विचारल्या असत्या. त्यांचा ‘आबोल ताबोल’ हा संग्रह 1923 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी प्रसिद्ध झाला.

मराठीत मुलांसाठी उत्तम कविता आहे आणि उत्तम चित्रेही आहेत, पण दोन्ही एका नावावर क्वचितच सापडतात. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, शांता शेळके यांच्या बालकवितांना चित्रे इतरांची आहेत. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात, पण त्यांचे मुख्य काम गद्यात आहे. अरुण कोलटकर (मृत्यू 2004) कवी आणि व्यावसायिक चित्रकार असे दोन्ही होते, तरी त्यांची कविता मोठ्यांसाठी होती. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 मध्ये निघाले आणि चित्रकारांना हक्काची पाने मिळाली. तिथेही कवी आणि चित्रकार बहुधा वेगवेगळेच राहिले.

कामाची रीत

मुलांचे पुस्तक सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांचे असते, कारण मोठा कागद घड्या घालून कापल्यावर पाने आठच्या किंवा सोळाच्या पटीत निघतात. त्यामुळे कवी-चित्रकार आधी कोऱ्या कागदांची छोटी वही करतो आणि कुठली ओळ कुठल्या पानावर पडेल ते त्यात पेन्सिलीने मांडून बघतो. उजवे पान उलटण्याची जागा सर्वांत महत्त्वाची. समजा, भाकरीवर चार ओळी लिहायच्या आहेत:

परातीत थाप थाप,
तव्यावर वाफ वाफ,
फुगली, फुगली, टम्म झाली,
ओळखा पाहू कोण आली?

चौथी ओळ उजव्या पानाच्या तळाशी ठेवायची. पान उलटले की शब्द एकही नाही, फक्त ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी, तिच्यावरचे काळसर डाग आणि कडेला पातेल्यावर झाकण ठेवणारा आजीचा हात. ‘भाकरी’ हा शब्द कवितेत घातला असता तर कोडे तिथेच फुटले असते. कवी वेगळा असता तर तो शब्द त्याने बहुधा घातला असता, कारण पुढच्या पानावर काय येणार याची त्याला खात्री नसते.

खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईच्या काळात चित्र जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेत. रेष फार बारीक असली तर ती छपाईत तुटे, फार जवळजवळ असली तर शाईने भरून जाई. जुन्या मराठी बालपुस्तकांतली रेष ठसठशीत आणि मोकळी दिसते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. ऑफसेट छपाई आल्यावर हे बंधन सुटले. देवनागरीचे मात्र राहिले. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांना जागा सोडावी लागते, म्हणून चार ओळींची कविता पानावर चांगलीच उंच होते. चित्रकार अक्षरेही हाताने काढत असेल तर ती चित्राच्या कडेने वळवता येतात.

सोलापूर

1877 मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून सोलापुरात कापडधंदा वाढत गेला आणि तेलंगणातून आलेले विणकर इथे स्थायिक झाले. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू या घराघरांतल्या भाषा आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. अशा गावात पहिलीतल्या मुलाला मराठी कविता मिळते तेव्हा तिच्यातले निम्मे शब्द त्याला नवे असतात. चित्र मात्र त्याचे असते. वरच्या उदाहरणातले कोडे सोलापुरातल्या वर्गात विचारले तर चार पोरे चार भाषांत उत्तर देतील आणि चौघांचेही बरोबर असेल. शब्द चित्रावर सोपवण्याची जी मुभा फक्त कवी-चित्रकाराला असते, तिचा खरा उपयोग इथे होतो.

कवितेची परंपरा शहरात जुनी आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचने (भक्तिपर रचना) कन्नडमध्ये आहेत, शाहीर राम जोशी यांच्या लावण्या मराठीत. विसाव्या शतकात कुंजविहारी, संजीव, दत्ता हलसगीकर हे कवी इथलेच. त्यांपैकी संजीव (कृष्ण गंगाधर दीक्षित, 1914–1995) यांचा या नोंदीशी जवळचा संबंध आहे, कारण त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले होते. ‘भाऊबीज’ चित्रपटातले ‘सोनियाच्या ताटी’ हे त्यांचे गीत आजही दिवाळीत ऐकू येते. जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत उमेदवारीच्या काळात मुलांची खेळणी आणि फर्निचर रंगवले आणि पुढे कविताही लिहिल्या.

चित्रविषयांचीही इथे वाण नाही. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या), गड्ड्यावरचे, म्हणजे त्याच यात्रेच्या जत्रेतले पाळणे, नान्नजच्या माळरानावरची काळविटे, आणि त्याच माळाला ज्याच्यामुळे अभयारण्याचा दर्जा मिळाला तो माळढोक. चादरीची नक्षी तर चौकटीच्या कागदावर घर मोजून रंगवतात, मग त्यावरून जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) पुठ्ठ्याची कार्डे भोके पाडून तयार होतात. मुलाला चित्रकला शिकवायला याहून सोपा नमुना शोधून सापडणार नाही. असे असताना बाजारातल्या स्वस्त बालगीतांच्या पुस्तकांत परदेशी घरे आणि बर्फातली माणसे छापलेली पाहून वाईट वाटते. मारुती चितमपल्ली यांनी सोलापुरात जन्मून रानातली पाखरे मराठी गद्यात आणली. 2006 मध्ये सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. माळढोकावरची चित्रकविता त्याच वाटेने यायला हवी.

हक्क

1957 च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार कविता ही साहित्यकृती आणि चित्र ही कलाकृती, म्हणून दोन्हींचे हक्क स्वतंत्र असतात. कवी-चित्रकाराच्या बाबतीत ते एकाच व्यक्तीकडे राहतात आणि तिच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतात. लिअर आणि सुकुमार राय यांच्या मूळ कविता व चित्रे केव्हाच मुक्त झाली आहेत. एखाद्या शाळेला त्यांचे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अनुवाद स्वतः करून, एकाच चित्राभोवती चारही भाषांतल्या ओळी मांडून छापता येतील. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याने केलेला अनुवाद वापरायचा असेल तर मात्र त्या अनुवादकाची परवानगी घ्यावी लागते.